चाकं मोठी केली आणि काटा खरं बोलायला लागला!

घोडबंदरी (धागाकर्ता)

मंडळी, गाडी २०१९ ची स्विफ्ट, व्हीएक्सआय. कंपनीतून आलेले टायर १६५/८० आर१४, साध्या लोखंडी डिस्कवर. पाच वर्षांत टायर गोटा झाले, तेव्हा म्हटलं बदलायचेच आहेत तर जरा हौस करू. ठाण्यातल्या एका दुकानात गेलो. तिथे १६ इंची अलॉय दिसले आणि पाय घसरला. त्यावर २०५/६० आर१६ टायर चढवून दिले. "साहेब, गाडी एकदम भरलेली दिसेल, बाकी काही फरक पडत नाही," असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं. गाडी भरलेली दिसते हे मान्य. फरक मात्र पडलाय.

एक, पार्किंगमध्ये स्टेअरिंग जड. सोसायटीच्या पोडियमवर चढताना पूर्ण वळवलं की डाव्या चाकातून खर्रर्र आवाज येतो. दोन, मेट्रोच्या कामापाशी डांबर आणि काँक्रीटची जिथे लांबलचक सांध आहे, तिथे गाडी आपली आपण त्या सांधीमागे जाते, हात घट्ट धरावे लागतात. तीन, मायलेज १८.५ वरून १६.७ वर आलं.

चौथी गोष्ट जरा लाजिरवाणी आहे. जुन्या टायरवर मी अटल सेतूवर मोबाइलच्या मॅपशी ताडून पाहिलं होतं. स्पीडोमीटरचा काटा १०० दाखवायचा तेव्हा मोबाइल ९५. म्हणजे काटा पाच वाढवून सांगतो हे माहीत होतं, म्हणून मोकळ्या रस्त्यावर काटा १०५ वर ठेवायची सवय लागली. खरा वेग शंभरच्या आतच. परवा तसाच गेलो आणि दोन हजारांचं चलान आलं. वेग लिहिलाय १०५. आता मोबाइल लावून पाहिलं तर काटा आणि मोबाइल अगदी एकमेकांना चिकटून चालतात.

काटा दुरुस्त झाला म्हणून आनंद मानू की काय समजू?

तिरपागडे

रुमाल टाकून ठेवतो. माझ्याही मनात अलॉय आहेत, बायकोच्या मनात नाहीत.

रिटायर्ड_फिटर

घोडबंदरी, काटा दुरुस्त झालेला नाही. तुमचे टायर आणि काटा यांची चूक एकमेकांवर पडून शून्य झाली आहे.

आधी हिशोब. टायरवर जे तीन आकडे असतात त्यातला पहिला रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत. तिसरा रिमचा व्यास इंचात. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. तुमचा जुना टायर: १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२, वर आणि खाली मिळून २६४. त्यात १४ इंचाचे ३५५.६ मिळवा. एकूण व्यास ६१९.६ मिमी. नवा: २०५ चे ६० टक्के १२३, दुप्पट २४६, अधिक ४०६.४, एकूण ६५२.४ मिमी.

म्हणजे चाक ५.३ टक्के मोठं झालं. एका फेऱ्यात गाडी आधीपेक्षा दहा सेंटिमीटर पुढे जाते. किलोमीटरला ५१४ फेरे लागायचे ते ४८८ वर आले. (वजनाने टायर थोडा दबतो, त्यामुळे खरे फेरे थोडे जास्तच होतात, पण गुणोत्तर तेच राहतं.)

गाडीला रस्ता दिसत नाही हो. तिला फक्त फेरे मोजता येतात. सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवर असो की चाकावर, तो फेरे मोजतो आणि कंपनीने भरून ठेवलेल्या परिघाने गुणतो. परिघ तुम्ही बदललात, तिला कोणी सांगितलं नाही.

आता तुमचेच आकडे घ्या. आधी काटा १०० ला खरे ९५. ९५ ला ५.३ टक्के वाढ दिली की बरोबर १००. तुमचा मोबाइल खोटं बोलत नाही, चलानही नाही.

नेरुळची_निशा

काकांनी छान उलगडलं. एक भर घालते. काटा मुळात पाच वाढवून का सांगतो, हा बऱ्याच जणांना कंपनीचा आळस वाटतो. तसं नाहीये. युरोपात यूएनचा ३९ क्रमांकाचा नियम आहे, त्यात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला अजिबात परवानगी नाही. जास्त दाखवायला आहे: खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किमी इतकं. म्हणजे खरे ८० असतील तर काटा ८० ते ९२ मध्ये कुठेही असला तरी चालतो, ७९ चालत नाही. त्यामुळे कंपन्या काटा मुद्दाम वरच्या बाजूला ठेवतात. नवा टायर, जुना टायर, हवा कमी, हवा जास्त, काहीही असलं तरी काटा खाली घसरू नये म्हणून.

तुम्ही जे पाच टक्के खाल्लेत ना, ती ही राखीव गंगाजळी होती.

घोडबंदरी

निशाताई, हे वाक्य फ्रेम करून डॅशबोर्डवर लावतो. पण मग काटा आता खरं सांगतोय तर बिघडलं कुठे? मी १०० वर ठेवीन, विषय संपला.

रिटायर्ड_फिटर

वेगापुरता संपला, कबूल. पण तुम्ही मायलेजबद्दल रडताय तिथे हाच फरक बसलाय. किलोमीटरचा आकडाही त्याच फेऱ्यांवर चालतो. समजा टाकी फुल ते टाकी फुल २४ लिटर लागले आणि गाडीने ४०० किमी दाखवले, तर १६.७ आलं. पण गाडी खरी धावली ४२१. भागा, १७.५ येतात. तुमची जवळजवळ निम्मी घट कागदावरचीच आहे.

उरलेली निम्मी खरी आहे. चाक मोठं म्हणजे सगळे गिअर पाच टक्क्यांनी लांब झाले. गायमुखच्या चढाला तिसऱ्यात जायची ती आता दुसरा मागत असेल.

घोडबंदरी

मागते! मला वाटलं पेट्रोलमध्ये काहीतरी आहे.

डोंबोलीकर_इन_एक्झाइल

एवढी गणितं कशाला? सरळ आहे, रिम मोठी की वेग चुकणार. म्हणून मी कधी रिमच्या वाटेला जात नाही.

नेरुळची_निशा

नाही हो, हाच तर गैरसमज आहे. रिमचा आकार काट्याला कळतच नाही, कळतो तो टायरसकट बाहेरचा व्यास. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर१५ देते. व्यास काढा: १२०.२५ च्या दुप्पट २४०.५, अधिक ३८१, झाले ६२१.५. १४ इंचीवाल्यापेक्षा जेमतेम २ मिमी जास्त. रिम इंचाने वाढली, रबराची उंची तेवढी कमी केली. काट्याला पत्ताही नाही.

१६ इंचाचीच हौस असेल तर १९५/५५ आर१६ घ्या, ६२०.९ येतात. माझ्या माहितीतले लोक मूळ व्यासापासून तीन टक्क्यांच्या आत राहा असं सांगतात, आणि वाढण्यापेक्षा किंचित कमी असलेलं बरं.

उलट, काही न बदलताही काटा हलतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, १.६ मिमीवर आली की टायर बाद. म्हणजे व्यासातून जवळपास १३ मिमी गेले, दोन टक्के. गोटा टायरवर काटा दोन टक्के जास्त सांगतो. घोडबंदरींनी आधीची मोजणी गोट्यांवर केली होती का?

घोडबंदरी

नाही, तेव्हा टायर अर्धे होते. बाकी आता मी जेवताना ताटाचा व्यास काढतोय असं घरातून सांगण्यात आलंय.

पामबीच_परिक्रमा

काट्यावर खूप झालं, स्टेअरिंगवर कोणी बोलेना म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे चाक बदलून स्टेअरिंगचं गुणोत्तर बदलत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढे फेरे होते तेवढेच राहतात. बदलतं ते हाताला जाणवणारं ओझं. १६५ चा टायर २०५ झाला की जमिनीला टेकणारा डाग आडवा पसरतो. उभ्या गाडीत तो डाग जागच्या जागी पिळायला जास्त जोर लागतो, म्हणून पार्किंगमध्ये जड. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग बरंच झाकून घेतं, पण मोटर काही जादूगार नाही.

सांधीमागे गाडी जाणं हेही रुंदीचंच. अरुंद टायर सांध ओलांडून जातो. रुंद टायरची एक कड सांधीच्या उंच बाजूला, दुसरी खालच्या बाजूला, आणि दोघी चाकाला आपापल्या दिशेने ओढतात. सायन-पनवेल हायवेवर काँक्रीटच्या चरांवर मी हे खूप भोगलंय.

पण खर्रर्र आणि जडपणा, दोन्हीमागे आणखी एक गुन्हेगार असू शकतो. रिमच्या मागच्या बाजूला ईटी असं लिहून पुढे आकडा असतो. बघून सांगा.

घोडबंदरी

जॅक लावून, टॉर्च धरून, वॉचमनच्या देखरेखीखाली पाहिलं. ७ जे × १६, ईटी ३५.

पामबीच_परिक्रमा

ईटी म्हणजे ऑफसेट, जर्मन शब्दावरून आलंय. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून नट बसतात तो चेहरा किती मिमी बाहेर आहे ते. आकडा मोठा तेवढं चाक आत. मूळ रिमचा ऑफसेट ४५ धरला तर तुमचं चाक १० मिमी बाहेर सरकलं. वर रिमची रुंदी वाढली (७ जे म्हणजे सात इंच) ती वेगळीच, म्हणजे बाहेरची कड आणखी बाहेर.

हे का महत्त्वाचं? स्टेअरिंग वळतं तेव्हा चाक एका तिरप्या अक्षाभोवती फिरतं. तो अक्ष खाली वाढवला की जमिनीला कुठेतरी टेकतो. टायरचा मध्य त्या बिंदूपासून किती लांब, यावर सगळं अवलंबून. लांब गेलं की तो एक दांडा झाला. एका चाकाला खड्डा लागला, किंवा ब्रेकमध्ये एक चाक मातीवर आणि दुसरं डांबरावर असलं, की दांड्याच्या टोकाला बसलेला धक्का थेट हातात येतो. कंपनीने हे अंतर विचार करून ठेवलेलं असतं. आपण १० मिमीचा पाना लावून ते बिघडवतो.

खर्रर्र म्हणजे टायर मडगार्डच्या प्लॅस्टिकच्या लायनरला घासतोय. व्यास ३३ मिमीने वाढला, म्हणजे चाक चोहोबाजूंनी १६ मिमी फुगलं, आणि वळताना ते बाहेरच्या मोठ्या वर्तुळात फिरतं. चार जण बसवून बघा, सरळ जातानाही खड्ड्यात घासेल. आतून ब्रेकची नळी तपासाच, ती घासली तर विषय गंमतीचा राहत नाही.

तिरपागडे

रुमाल उचलला. बायको बरोबर होती.

रिटायर्ड_फिटर

पामबीच यांनी मुद्द्याचं सांगितलं. मी हाताने कामं केलेला माणूस, म्हणून दोन व्यवहारी गोष्टी.

मारुतीच्या या गाड्यांना चार नट, १०० मिमीच्या वर्तुळावर. बाजारातले रिम बऱ्याच गाड्यांना चालावेत म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात. गाडीच्या हबचा (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) उंचवटा ५४.१ मिमी, भोक ७० च्या आसपास. मधे पोकळी राहते. तिथे हब रिंग नावाची कडी लागते. ती नसली की चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर बसतं, आणि केसभर सरकलं तरी ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. लोक चार-चार वेळा बॅलन्सिंग करून दमतात. घोडबंदरी, थरथर आहे का?

दुसरं, व्हील अलाइनमेंट केलं का? आणि केलं तर कागदावर टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) कशात लिहिलाय? अंशात असेल तर ठीक. जुन्या मशीनवर मिलिमीटरमध्ये असेल तर तो रिमच्या कडेवर मोजलेला असतो. १४ इंची रिमचे मिलिमीटर १६ इंचीवर तसेच उतरवले की कोन चुकतो. हे मी स्वतः चुकून शिकलोय.

आमच्या काळी प्रीमियर पद्मिनी गाडीला ५.२० - १४ चे टायर आणि काट्याला गिअरबॉक्समधून येणारी केबल. केबलच्या टोकाला लोहचुंबक फिरायचं, त्याच्याभोवती ॲल्युमिनिअमची वाटी, वाटीला काटा. चुंबक वाटीला शिवत नाही, नुसतं ओढतं, आणि केसाएवढी स्प्रिंग मागे खेचते. ओट्टो शुल्झे नावाच्या जर्मनाने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली युक्ती, शंभर वर्षं चालली. केबल कोरडी पडली की काटा नागासारखा डोलायचा. तेल घातलं की शांत. आता तेल कुठे घालणार?

डोंबोलीकर_इन_एक्झाइल

अवांतर: मग रिक्षावाल्याने छोटा टायर लावला तर मीटर जास्त पळेल?

रिटायर्ड_फिटर

पळेल. मीटरलाही फेरेच कळतात. चाक लहान, फेरे जास्त, पैसे जास्त. म्हणून तर वैधमापनवाले मीटर तपासतात तेव्हा गाडी ठरावीक अंतर प्रत्यक्ष चालवून बघतात. फक्त ४.०० - ८ पेक्षा लहान टायर रिक्षाला लावून घोडबंदर रोडवर चालवणारा शूरवीर अजून मला भेटायचाय.

नेरुळची_निशा

कोणी विचारलंच नाही म्हणून विचारते. स्टेपनी कुठली आहे?

घोडबंदरी

जुनीच. १६५/८० आर१४. दुकानदार म्हणाला राहू द्या, पंक्चरपुरतीच लागते.

नेरुळची_निशा

बोंबला. पुढचं चाक पंक्चर झालं आणि ही लावली तर एकाच आसावर एक चाक ६२० चं, एक ६५२ चं. सरळ रस्त्यावरही दोन्ही चाकांचे फेरे वेगवेगळे, म्हणजे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) क्षणभरही स्वस्थ नाही, आणि स्टेअरिंग एका बाजूला ओढणार. एबीएसला (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) तर वाटणार एक चाक सतत वेगळंच फिरतंय. चारही चाकं सारखी मोठी असतील तर एबीएसची तक्रार नसते, कारण तो चाकांची आपापसात तुलना करतो. एकच वेगळं असलं की गोंधळ. लावायचीच वेळ आली तर ती मागे लावा, मागचं चांगलं चाक पुढे घ्या, आणि हळू घरी या. शिवाय अलॉयचे नट लोखंडी डिस्कला बसतात का ते आजच बघा, रात्री अकराला माजिवड्याच्या पुलाखाली नको.

रच्याकने, स्टेपनी हा शब्द वेल्सच्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे हे जादा चाक बनवायचे. जगभरात गावही विसरलं, गल्लीही, आपण मात्र पंक्चरवाल्याशी रोज तिचं नाव घेतो.

कायदेपंडित_नाही

रसभंग करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हींचा रोख असा की कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर कंपनीने मान्य केलेले टायर आणि त्यांची हवा छापलेली असते. त्यातला आकार घेतलात तर कोणाशी वाद घालावा लागत नाही, ना इन्शुरन्सवाल्याशी, ना इथे.

पामबीच_परिक्रमा

आणि टायरवर आकारापुढे आकडा-अक्षर असतं तेही बघा. ८८ एच म्हणजे एका टायरवर ५६० किलो, २१० च्या वेगापर्यंत. मूळच्यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

एक विचारतो, नवं चाक वजनाला किती आहे? अलॉय म्हणजे हलकं, ही समजूत सगळीकडे आहे.

घोडबंदरी

बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवलं. जुनं चाक टायरसकट साडेतेरा किलो. नवं अठरा. चारांचे मिळून अठरा किलो वाढले, आणि मी गेल्या वर्षभरात दोन किलो कमी केले म्हणून मिरवत होतो.

थरथर आहे, ८५ नंतर. हब रिंग नाहीत. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "ते काय असतं?"

रिटायर्ड_फिटर

झालं. आता मला काही विचारू नका.

घोडबंदरी (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. १६ इंची उतरवले. वरच्या मॉडेलचे कंपनीचेच १५ इंची अलॉय वापरलेले मिळाले, त्यावर नवे १८५/६५ आर१५, ८८ एच. दुसऱ्या दुकानात, अंशांत अलाइनमेंट, कागदासकट.

पोडियमवर आवाज नाही. सांधीवरून जाताना जरा कळतं, पण हात सोडून जांभई देता येते. (देत नाही.) टाकी एकदा फुल केली, १८.१ आले. पहाटे अटल सेतूवर मोबाइल लावून गेलो, वेग एकसारखा ठेवून, कारण वेग वाढत असताना मोबाइल मागे राहतो. काटा १००, मोबाइल ९५. पुन्हा आपला जुना थापाड्या. स्टेपनी १४ इंचीच आहे, पण व्यासात दोन मिमीचा फरक म्हणजे जवळजवळ सख्खी.

काटा आता १०० वरच ठेवतो. चिरंजीवांनी विचारलं, बाबा आपण स्लो का जातोय. दोन हजारांचा हिशोब त्यांना सांगितलेला नाही.

ता. क. १६ इंची अलॉय चार, टायरसकट विकणे आहे. चार नट, १०० मिमी, ईटी ३५. ठाण्यात येऊन बघावे.

तिरपागडे

कितीला?

नेरुळची_निशा

तिरपागडे, आधी गाडी कुठली ते सांगा.

तिरपागडे

वॅगन आर.

रिटायर्ड_फिटर

धागा बंद करा कोणीतरी.